मागे सरायचंय, पण नेमकं कशातून?

पत्राचा सारांश

वाचक भगिनी 54 वर्षांच्या आहेत. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात राहतात, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. नोकरीला 30 वर्षं झाली. यजमान 59 वर्षांचे, सहकारी बँकेतून निवृत्त. मुलगा पुण्यात नोकरीला. 83 वर्षांच्या सासूबाई खुब्याचं हाड मोडल्यापासून तीन वर्षं अंथरुणावर आहेत आणि त्यांचं सगळं करणं या ताईंकडेच आहे. दीर पुण्यात, नणंद कोल्हापूरला. दोघंही 'येऊन भेटून' जातात. गेल्या वर्षभरात ताईंनी भजनी मंडळ सोडलं, भिशी सोडली, सासरच्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून काही न सांगता बाहेर पडल्या. आता त्यांना स्वेच्छानिवृत्ती घ्यायची आहे, इगतपुरीला विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला जायचं आहे आणि त्यानंतर राजापूर तालुक्यातल्या माहेरच्या बंद घरात एकटीनं राहायचं आहे. यजमान म्हणतात, 'हा पळपुटेपणा आहे, माघार म्हणजे हारच.' मुलगा म्हणतो, 'आई, तू खुशाल जा.' ताई विचारतात: मी थकलेय की हरलेय, हेच मला कळेनासं झालंय. सगळं सोडून मागे सरले तर चुकतंय का?

उत्तर

ताई,

तुम्ही प्रश्न एक विचारलाय, पण पत्रात निर्णय चार आहेत. नोकरी सोडणं, काही दिवस मौनात बसणं, घरच्या सेवेतून बाजूला होणं आणि माणसांतून उठून जाणं. हे चारही तुम्ही एका गाठोड्यात बांधलेत आणि ते डोक्यावर घेऊन कोकणात निघालाय. यजमान अख्ख्या गाठोड्याला पळपुटेपणा म्हणतात, मुलगा अख्ख्या गाठोड्याला हो म्हणतो. आत काय काय आहे ते दोघांनीही सोडून पाहिलेलं नाही. माझ्या मते त्यातल्या एका गोष्टीची तुम्हाला तातडीनं गरज आहे, एक थोडी थांबू शकते, एक तुम्ही ठरवलीत तशी करू नये, आणि एक तर फार पूर्वीच व्हायला हवी होती.

त्याआधी एका ओळीबद्दल बोलते. तुम्ही ती पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिलीय. सासूबाई पडल्या त्याच वर्षी तुम्हाला मुख्याध्यापकपदाची पदोन्नती मिळत होती. शाळा लांबच्या तालुक्यात होती म्हणून तुम्ही नकार लिहून दिलात. 27 वर्षं ज्या कामात घालवली त्यातली वरची खुर्ची समोर आली आणि तुम्ही मागे सरलात. त्या दिवशी घरात कुणी पळपुटेपणा म्हटलं का? उलट 'आमच्या सूनबाई समंजस' असंच म्हटलं असणार. तेव्हाही तुम्ही मागेच सरला होतात, फक्त त्यातून घराची सोय झाली. आता त्याच घराची थोडी गैरसोय होणार आहे, म्हणून नाव बदललंय. मी यजमानांवर आरोप करत नाही. आपल्या घराघरांत हे असंच चालतं आणि त्यात राहणाऱ्यांच्या ते लक्षातही येत नाही. पण तुमच्या लक्षात यायला हवं. तुम्ही आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी सोडताय असं समजून स्वतःला अपराधी ठरवताय, आणि ते खरं नाही. सोडण्याची सवय तुम्हाला जुनीच आहे. नवीन एवढंच की यावेळी तुम्ही स्वतःसाठी सोडताय.

'माघार म्हणजे हार' हे यजमानांचं म्हणणं मात्र बाजूला सारण्यासारखं नाही, कारण ते तुमच्याही मनात बसलेलं दिसतं. तुम्ही सातारा जिल्ह्यात राहता, तेव्हा इतिहासातलाच दाखला देते. जून 1665 मध्ये पुरंदरचा तह झाला. मिर्झाराजे जयसिंगांपुढे शिवाजी महाराजांनी 23 किल्ले आणि चार लाख होनांचा मुलूख देऊन टाकला. चौथीच्या वर्गाला तुम्ही हे किती वेळा शिकवलं असेल! पण आपण शिकवताना 23 वर थांबतो. मला 12 चा आकडा महत्त्वाचा वाटतो. 12 किल्ले राखले आणि त्यांत राजगड होता, रायगड होता. पाच वर्षांनी, 1670 मध्ये, सिंहगड आणि पुरंदर परत घेतले गेले, ते या राखलेल्या मुलखाच्या बळावर. काय सोडायचं याची यादी तुमच्याकडे तयार आहे, पत्रात ती दोन पानं भरून आलीय. काय राखायचं याची एक ओळही नाही. शिकवणं राखायचं आहे का? गाणं? यजमानांबरोबरची सकाळ? पेन्शनचा पैसा फक्त स्वतःच्या नावावर राहणं? ही यादी आधी करा. ती रिकामी राहिली तर मला काळजी वाटेल आणि मग मी पुढे जे लिहितेय ते सगळ्यात आधी करायला सांगेन.

ते म्हणजे डॉक्टरकडे जाणं.

तुम्ही लिहिलंय की पहाटे तीनला जाग येते आणि मग डोळा लागत नाही. जेवण नको वाटतं. रेडिओ लावावासा वाटत नाही. मंडळात अभंग म्हणताना 'शब्द तोंडातून येत होते, पण आत काही हलत नव्हतं.' ज्याला एकांत हवा असतो, त्याला एकांतात करायचं काहीतरी असतं: वाचायचं असतं, फिरायचं असतं, नुसतं झाडाकडे बघत बसायचं असतं. त्याची चव शाबूत असते, गर्दी तेवढी नको असते. तुमची चवच गेलीय. आवडीच्या गोष्टींतून मन उठणं, झोप मोडणं, भूक मरणं, आपला काही उपयोग नाही असं वाटणं, हे दोन आठवड्यांच्या वर रोज टिकलं तर त्याला नैराश्याचा आजार म्हणून तपासून घ्यायचं असतं. तुमचं वर्षभर चाललंय. शिवाय हे पाळी जाण्याचं वय. थायरॉइड, हिमोग्लोबिन, ब-12 या साध्या तपासण्यांतूनही यातलं काही निघू शकतं. आधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरकडे जा आणि 'थकवा येतो' एवढंच सांगून गप्प बसू नका. पहाटे तीनचं सांगा, अभंगाचं सांगा. गरज पडली तर ते मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतील. गावात कुणी पाहील याचा संकोच वाटत असेल तर सरकारच्या 'टेलिमानस' सेवेला 14416 वर फोन करा. फोन मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. 'कशालाच अर्थ नाही' हे वाक्य तुम्ही पत्रात दोनदा लिहिलंय. त्याच्या पलीकडचे, जगूच नये असे विचार कधी आले, तर त्या रात्री यजमानांना उठवा आणि हाच नंबर लावा. सकाळची वाट पाहू नका.

हे आधी का, याला कारण आहे. मन आजारी असताना माणूस एकटा पडण्याचीच वाट शोधतो आणि ती वाट त्याला शहाणपणाची वाटते. तिथे जाऊन तो बरा होत नाही. एकटेपणानं आजार आणखी खोल जातो. तुमचं तसंच आहे असं मी पत्रावरून ठरवू शकत नाही. तपासणीनंतर डॉक्टर म्हणाले की आजार नाही, निव्वळ थकवा आहे, तर तुमचे बाकीचे बेत आपण अधिक मोकळेपणानं पाहू शकतो.

विपश्यनेबद्दलही हेच लागू आहे. इगतपुरीचं धम्मगिरी हे विपश्यना केंद्र 1976 पासून चालू आहे आणि तिथून परतलेली बरीच माणसं तुम्हाला सांगतील की दहा दिवसांनी त्यांना फार दिलं. मला त्या परंपरेबद्दल मनापासून आदर आहे. पण ती विश्रांती नाही. पहाटे चारला घंटा होते, साडेचारला पहिली बैठक, रात्री साडेनऊला दिवे बंद. दिवसभरात दहा तासांच्या आसपास बसणं. फोन नाही, पुस्तक नाही, वही-पेन नाही, शेजारच्या बाईशी नजरेनंही बोलायचं नाही. आचार्यांना शंका विचारता येतात, तेवढंच. मन ताळ्यावर असेल तर या शांततेत बरंच काही निवळतं. मन आधीच खचलेलं असेल तर त्याच शांततेत जे वर येतं ते एकटीनं पेलवत नाही. म्हणून प्रवेश अर्जात शारीरिक-मानसिक आजारांची आणि औषधांची माहिती मागतात, आणि ती खरी द्यावी. ही शिबिरं भारतात सुरू करणारे सत्यनारायण गोएंका 1955 मध्ये रंगूनला विपश्यनेचे आचार्य सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले ते अर्धशिशीला कंटाळून. फक्त डोकेदुखी घालवायला येत असाल तर प्रवेश नाही, असं त्यांना तिथे आधी सांगितलं गेलं. ही हकीकत ते स्वतः सांगत असत. आणि हेही बघा, की गोएंका संन्यासी झाले नाहीत. ते व्यापारी होते, बायकामुलांचं घर असलेले गृहस्थ होते आणि शेवटपर्यंत गृहस्थच राहिले. शिबिर सुटलं की माणसानं घरी जायचं असतं, हे त्या पद्धतीतच आहे.

तेव्हा डॉक्टरांचा होकार घेऊन जरूर जा. शिबिर अकराव्या दिवशी सकाळी सुटतं, म्हणून जाण्यायेण्यासह बारा दिवस हाताशी ठेवा. मधून उठून यायचं नाही या अटीवरच प्रवेश मिळतो. राहण्या-जेवणाची फी नसते; शिबिर पुरं केलेल्यांच्या दानावर ते चालतं. या बारा दिवसांत सासूबाईंचं कोण करणार, या प्रश्नाचं उत्तर लिहून मगच अर्ज भरा. त्या उत्तरावरच बाकीचं सगळं अवलंबून आहे. त्याकडे येतेच.

आधी नोकरीचं. इथे मी तुम्हाला स्पष्टपणे थांबा म्हणते. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 1982 मधल्या नियम 66 प्रमाणे 20 वर्षांची अर्हताकारी (पेन्शनसाठी धरली जाणारी) सेवा झाली की तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. तुमची 30 झालीत, म्हणजे वाट मोकळी आहे आणि पुढेही मोकळीच राहणार आहे. पण दिलेली नोटीस मागे घ्यायची झाली तर निवृत्तीच्या तारखेआधीच अर्ज करावा लागतो आणि नियुक्ती अधिकाऱ्याची मंजुरी लागते. ती तारीख उलटली की परत फिरता येत नाही. म्हणून जिथून परत येता येतं त्या वाटेनं आधी जाऊन पाहा. सेवेच्या प्रत्येक पुऱ्या वर्षाला 20 दिवस अर्धवेतनी रजा खात्यात जमा होते. तीस वर्षांत किती वापरली आणि किती शिल्लक आहे, हे पंचायत समितीच्या शिक्षण विभागात जाऊन सेवापुस्तकात बघा. मला माहीत असलेल्या बहुतेक शिक्षिकांनी बाळंतपण आणि एखादं आजारपण सोडून या रजेला हात लावलेला नसतो. आजारपणासाठी वैद्यकीय दाखल्यावर ती परिवर्तित करून पूर्ण पगारी घेता येते, आणि खाजगी कारणासाठीही अर्धवेतनी रजा मागता येते. रजा मंजूर होणं अधिकाऱ्याच्या हाती असतं, म्हणून परीक्षांच्या तोंडावर मागू नका. दिवाळीच्या सुट्टीला जोडून दोन महिने मिळाले तरी पुष्कळ कळेल.

काय कळेल? शाळेनं थकवलंय की घरानं, हे कळेल. सबंध पत्रात शाळेबद्दल तुमची तक्रार एकच आहे: माहिती भरण्याची कामं, ऑनलाइन नोंदी, सततचे तक्ते. मुलांबद्दल एकही नाही. उलट दुसरीतला एक मुलगा 'बाई, तुमचा आवाज बसलाय का?' असं विचारून गेला, ते तुम्ही लिहिलंय. तुमच्याकडे काही मागण्याऐवजी कुणी तुमची विचारपूस करतं, अशी सध्या तुमच्या आयुष्यात शाळा ही एकच जागा दिसते. घरच्या ओझ्यापायी ती जागा सोडायला निघालाय असं मला वाटतं. आणि मनात एक धास्ती आहे ती सांगतेच: निवृत्त होऊन कोकणात जाणं लांबणीवर पडलं, तर तुम्ही दिवसाचे चोवीस तास त्या खोलीत असाल. 'आता काय, तुम्ही घरीच असता' हे वाक्य पहिल्याच महिन्यात ऐकायला येईल.

आता ती खोली.

सासूबाईंची सेवा तुम्ही 'सोडायची' म्हणताय, आणि तिथेच अपराधाची भावना सगळ्यात जास्त आहे. पण जे काम कधी वाटलंच गेलं नाही ते सोडण्याचा प्रश्न कुठे येतो? आधी वाटणी व्हायला हवी. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा 2007 चा कायदा सांभाळाची जबाबदारी कुणावर टाकतो ते पाहा: मुलगा, मुलगी, नातू, नात. त्या यादीत सून नाही. मी तुम्हाला कुणाला न्यायाधिकरणात खेचायला सांगत नाही. सासूबाईंच्या बाबतीत तशी वेळ येऊही नये. मी हे एवढ्यासाठी सांगतेय की जे तुम्ही तीन वर्षं केलंत ते कायद्यानंही तुमच्या वाट्याचं नव्हतं. तुमच्या यजमानांचं, दिरांचं, नणंदेचं आणि त्यांच्यानंतर तुमच्या मुलाचं होतं. तुम्ही ते मायेनं केलंत. मायेनं केलेल्या कामात सुट्टी मागणं हा गुन्हा नाही.

इथे मला तुकोबा आठवतात. 1630 च्या सुमाराच्या त्या भयंकर दुष्काळात त्यांचं दुकान बसलं, थोरली बायको अन्नावाचून गेली. परंपरा सांगते की ते उठून देहूजवळच्या भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन बसले आणि धाकटा भाऊ कान्होबा शोधत शोधत तिथे पोचला. पुढचा भाग आपण भक्तीच्या भरात घाईनं ऐकतो. तुकोबा भावाबरोबर खाली आले, इंद्रायणीकाठी बसले, घरातली कर्जखतं काढली आणि त्यांचे दोन वाटे केले. कान्होबाचा वाटा कान्होबाच्या हातात दिला. आपला तेवढा नदीत बुडवला. सावकारीतून इतका मोठा माणूस बाहेर पडला, पण भावाचा वाटा भावाला न विचारता बुडवला नाही, आणि भावाचा वाटा आपल्या डोक्यावर ठेवूनही घेतला नाही. ज्याचं त्याला दिलं. तुम्हाला नेमकं हेच करायचं आहे, ताई, आणि डोंगरावर जायच्या आधी करायचं आहे.

प्रत्यक्षात ते असं होईल. एक कागद घ्या आणि सासूबाईंचा दिवस वेळेसकट लिहा: पहाटेचं डायपर, स्पंजिंग, गोळ्या, दर दोन तासांनी कूस बदलणं, भरवणं, रात्री दोनची हाक. सगळं लिहा, पाठीला जखम होऊ नये म्हणून हवेची गादी तपासणंसुद्धा. मग दीर, नणंद, यजमान आणि मुलगा यांना एकाच दिवशी एकत्र बसवा. पुण्याच्या मंडळींना येणं जमत नसेल तर व्हिडिओ कॉलवर. तक्रारीचा सूर नको, रडणं आलं तर येऊ द्या. कागद वाचा आणि सांगा: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत मी इथे नसेन. यातलं कोण काय करणार ते ठरवा. 'मी जाऊ का?' असं विचारू नका, कारण त्याचं उत्तर 'सध्या नको' असंच येतं आणि ते 'सध्या' संपत नाही. दिवसा ब्युरोची किंवा गावातलीच एखादी बाई ठेवायची असेल तर तिचा पगार तिन्ही भावंडांत विभागा, एकट्या यजमानांच्या पेन्शनवर नको. ज्यांना येणं शक्य नाही त्यांनी जास्त पैसे द्यावेत. ज्यांना पैसे शक्य नाहीत त्यांनी महिन्यातले आठ दिवस यावं. यजमानांना कूस बदलणं, भरवणं शिकवा, आणि तुम्ही घरात असतानाच त्यांच्याकडून आठवडाभर करून घ्या. 'पुरुषमाणसाला कसं जमेल' हे तुम्हीच म्हणाल याची मला जास्त भीती आहे. जमतं. आईच आहे त्यांची.

हे सगळं ठरल्यावरही ती मंडळी तुम्हाला हवं तसं करणार नाहीत. चादर तुम्ही घालता तशी ताठ नसेल, गोळी अर्धा तास उशिरा जाईल. फोनवरून सूचना देत बसलात तर तुम्ही तिथून निघालाच नाहीत असं समजा.

आता न सांगता उठून जाण्याबद्दल. भजनी मंडळ, भिशी, ग्रुप, तिन्ही ठिकाणांहून तुम्ही निरोप न घेता बाहेर पडलात. तुम्हाला वाटलं, कुणाला त्रास न देता बाजूला झाले. पण नणंदेनं त्याचा अर्थ 'वहिनी रुसली' असा लावला आणि मंडळातल्या बायकांना वाटलं की वर्गणीच्या हिशेबावरून तुम्ही दुखावलात. हे तुम्हीच लिहिलंय. गप्प राहिलं की आपलं म्हणणं राहत नाही, लोकांचं म्हणणं आपलं होऊन बसतं. विनोबांसारख्या माणसालाही हे चुकलं नाही. 1970 मध्ये पवनारला क्षेत्रसंन्यास घेऊन ते एका जागी राहिले, आणि 25 डिसेंबर 1974 ला त्यांनी वर्षभराचं मौन धरलं. त्याच वर्षात आणीबाणी आली. मौनातच त्यांनी दाखवलेल्या 'अनुशासन पर्व' या दोन शब्दांचा सरकारनं आणीबाणीच्या समर्थनासाठी भरपूर वापर केला. त्या शब्दांचा आपल्याला अभिप्रेत अर्थ त्यांना पुढे उलगडून सांगावा लागला, पण तोवर ते शब्द भिंतींवर चढले होते. तुमच्या भजनी मंडळाची गोष्ट केवढी लहान, पण घडतं तेच.

तेव्हा मंडळातल्या तुमच्या जवळच्या एकीला फोन करा आणि सांगा, 'मला सध्या बरं नाही, कुणावर राग नाही, बरं वाटलं की येईन.' ग्रुपवर परत जायची गरज नाही. नणंदेला मात्र स्वतः सांगा. भिशीत पैसे अडकले असतील तर हिशेब मिटवून घ्या. आणि यापुढे जिथून बाजूला व्हाल तिथे किती दिवसांसाठी, हे सांगून व्हा. भिक्खूंचा वर्षावास, जैन मुनींचा चातुर्मास यांतलं मला हेच फार आवडतं. पावसाळा लागला की ते एका जागी थांबतात, आणि पुन्हा वाटेला कधी लागायचं ती तिथी थांबायच्या आधीच ठरलेली असते. सगळ्या गावाला ती माहीत असते. त्यामुळे थांबलेल्या माणसाबद्दल कुणाच्या मनात शंका येत नाही, आणि थांबलेल्यालाही आपण कायमचे गेलो असं वाटत नाही.

राजापूरच्या घराला हेच लावून बघा. 'कायमचं जाते' या एका शब्दानं यजमान घाबरलेत. 59 वर्षांचा, नुकताच नोकरीतून सुटलेला माणूस आहे. आई आज ना उद्या जाणार हे त्याला दिसतंय, मुलगा लांब आहे आणि आता बायको म्हणते मी एकटी राहणार. पळपुटेपणा हा शब्द रागाचा आहे, पण त्याखाली 'मला सोडून जातेस का?' असा प्रश्न असेल असं मला वाटतं. त्यांना तो तसा विचारता येत नसेल. तुम्ही त्याचं उत्तर देऊन टाका, विचारायची वाट न पाहता. सोडून जात असाल तर तेही खरं सांगा. तो वेगळा प्रश्न आहे आणि त्यासाठी वेगळं पत्र लिहा. जात नसाल तर तारखा सांगा.

घर चार वर्षं बंद आहे, हे विसरू नका. पहिल्यांदा जाताना पावसाळा टाळाच. कौलं परतलेली नसतील, वायरिंग उंदरांनी खाल्लेलं असेल, विहिरीचा पंप बसलेला असेल, जून-जुलैत दोन-दोन दिवस वीज नसते आणि पायवाटेला जनावराची भीती. आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, भरणी केल्याशिवाय तिकडची माणसंही पावसात शिरत नाहीत. दिवाळीनंतर जा, पहिल्या खेपेला यजमानांना किंवा मुलाला घेऊन चार दिवसांसाठी, साफसफाई आणि दुरुस्ती बघायला. घर भावांच्या नावावर सामाईक असेल तर त्यांना आधी फोन करा. घरपट्टी थकली असेल तर ती कोण भरणार तेही बोलून घ्या. शेजारच्या घरात रोज एकदा हाक मारणारं कुणीतरी आहे ना, जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किती लांब आहे, फोनला रेंज कुठल्या कोपऱ्यात येते, हे बघून या. मग डॉक्टर हो म्हणत असतील तर रजेतला एक महिना तिथे एकटीनं राहा. आवडलं तर पुढच्या वर्षी दोन महिने. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज त्यानंतर लिहायचा की नाही ते ठरवा. तोवर 58 व्या वर्षीच्या निवृत्तीला चारऐवजी तीनच वर्षं उरलेली असतील आणि कदाचित हिशेब वेगळा दिसेल.

ज्या वाचकांची परिस्थिती तुमच्याशी जुळते, आणि माझ्याकडे येणाऱ्या पत्रांवरून त्या पुष्कळ आहेत, त्यांच्या घरच्यांसाठीही एक गोष्ट लिहिते. घरातली बाई एकेक गोष्ट सोडत चालली असेल, तर 'तुला काय झालंय?' असं विचारू नका. त्याला 'काही नाही' हेच उत्तर येतं. तिच्या हातातलं एक काम न विचारता घ्या आणि महिनाभर रोज करा. मग विचारा.

तुमच्यासाठी या आठवड्याची कामं तीनच ठेवते. डॉक्टरांची वेळ घ्या, आणि जाताना यजमानांना बरोबर न्या, म्हणजे पहाटे तीनचं त्यांनाही कळेल. सासूबाईंच्या दिवसाचा कागद लिहा. शिक्षण विभागात रजेची शिल्लक विचारा. स्वेच्छानिवृत्तीचा जो अर्ज तुम्ही लिहून कपाटात ठेवलाय म्हणता, तो फाडू नका, पण त्यावर तारीखही घालू नका. तपासणीत काय निघालं ते मला नक्की कळवा, मी वाट पाहतेय.